तांडेलाने मागितलेलं पुस्तक

कल्याणला आमचं वाचनालय भाताच्या एका वखारीच्या माडीवर होतं. खाली पोत्यांच्या थप्प्या आणि वर दोन कपाटं, एक लांब मेज, तीन बाकं. मागच्या खिडकीतून खाडी दिसायची. उन्हं कलली की पाण्यावरचा उजेड आत येऊन कपाटांच्या काचांवर हलत राहायचा. मी तेव्हा पंचविशीत होतो, मामलेदार कचेरीत कारकून होतो, आणि कचेरी सुटली की दिवेलागणीपर्यंत त्या माडीवर बसायचो. वाचनालयाचा चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली होती, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. आता ते दिवस आठवू गेलं की मधूनच वाटतं, त्यातलं काही मी झोपेत तर पाहिलं नव्हतं ना. पण वाचनालयाच्या वहीतली माझ्या हातची अक्षरं मी नंतरही पाहिली आहेत, तेव्हा घडलं ते खरंच.

पुस्तकं कोणती घ्यायची हे ठरवायला आम्ही पाच जण होतो. मुनसफाच्या न्यायासनावरून निवृत्त झालेले रावसाहेब अध्यक्ष. इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. एक वैद्यबुवा. वखारीचे मालक असलेले शेठ, जे प्रत्येक ठरावाला मान डोलावत. आणि मी. मुंबईचा एक पुस्तकविक्या दर दोन-तीन महिन्यांनी पसंतीसाठी गठ्ठा पाठवायचा. तो आम्ही आपसांत वाटून घ्यायचो, आणि रविवारी सकाळी सभा भरली की ज्याने त्याने आपल्या पुस्तकाबद्दल सांगायचं. हेडमास्तरांनी तीन प्रश्न ठरवून दिले होते. यातलं खरं किती? शिकण्यासारखं काय? आणि घरातल्या सुनेच्या हाती पडलं तर चालेल का? कादंबरी म्हटली की पहिल्याच प्रश्नाला अडायची. जे कधी घडलंच नाही ते वाचून माणसाच्या पदरात काय पडणार, असं ते शांतपणे विचारत. त्यामुळे आमच्या कपाटात भूगोल होता, व्याकरणं होती, गुरांच्या रोगांवरचं एक जाड पुस्तक होतं, आणि वाचक फार थोडे होते.

आणखी एक गंमत होती. तेव्हा पुष्कळ पुस्तकं पानं न कापता यायची. छापलेला मोठा कागद घडी घालून शिवलेला असे, कडा जोडलेल्या. विकत घेणाऱ्याने सुरीने कडा कापून पानं मोकळी करायची. परत जायच्या पुस्तकाला सुरी लावायची नाही, असा त्या पुस्तकविक्याशी आमचा करार होता. म्हणजे जी उघडी असतील ती पानं वाचायची, मधली सोडायची, किंवा घडी किंचित फाकवून आत डोकवायचं. एका पानावर बाई उंबऱ्यात उभी राहून रडते आहे आणि पुढच्या उघड्या पानावर ती कुठल्याशा परक्या शहरात दळत बसली आहे. मधे काय झालं ते मी घरी जाताना रस्त्यात जुळवायचो. कचेरीत कागदांच्या नकला करतानाही जुळवत असायचो. असल्या अर्ध्या वाचनावर आम्ही पाच जण पुस्तकांचा निकाल लावत होतो, आणि त्यात काही चुकतं आहे असं आमच्या मनातही येत नव्हतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगाने काटक, उन्हाने रापलेला, डोक्याला लाल टोपी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला तो तांडेल होता. जन्मभर मचवे चालवून आता घरी बसलेला. तो आत आला नाही, आणि मीही त्याला आत ये म्हणालो नाही. तेव्हा ते मला वावगं वाटलं नाही. पुढे वाटलं, आणि अजून वाटतं.

"येक बुक पायजे व्हतं," तो म्हणाला.

मी नाव विचारलं.

"नाव ठाव नाय. मना वाचता येत नाय. मी ते आयकलेलं हाय."

मग त्याने पायरीवर बसून सगळं सांगितलं. तरुणपणी तो मुंबईहून हर्णैला कौलं घेऊन चालला होता. वाटेत वारा पडला आणि मचवा तीन दिवस एका जागी उभा राहिला. पाणी पुरवून पुरवून प्यायची वेळ आली, खलाशी एकमेकांवर गुरगुरायला लागले. मचव्यावर एक पंतोजी होते, हर्णैला शाळेवर चाललेले. त्यांच्याजवळ लाल पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. शिडाच्या सावलीत बसून ते त्यातून वाचायला लागले आणि हळूहळू सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले.

गोष्ट एका कुंभाराच्या मुलीची होती. तिची आई तापात गेली, आणि जाताना एका नदीचं नाव घेऊन गेली. आपल्या अस्थी त्या नदीत सोडाव्यात एवढीच तिची इच्छा. पण त्या नावाची नदी कोणालाच माहीत नव्हती. मुलगी अस्थी मडक्यात घेऊन निघाली. ज्या गावात जाई तिथे लोक म्हणत, असेल, पुढच्या गावापलीकडे असेल. चालता चालता ती एका शहरात आली. तिथली सगळी माणसं हळू बोलत, पावलं न वाजवता चालत, भांडी अलगद खाली ठेवत. तिने कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, नदी या शहराच्या खालून वाहते, जोरात बोललं तर ऐकू येत नाही. मग त्या मुलीने मडकं बाजूला ठेवलं आणि जमिनीला कान लावला.

"तितक्यात वारा आला," तांडेल म्हणाला. शिडं चढवायची धांदल उडाली. हर्णै आलं, माणसं उतरली, पंतोजीही पुस्तक काखेत मारून उतरून गेले. तेव्हापासून चाळीस वर्षं झाली. हातात काम होतं तोवर त्याला फारसं आठवलं नाही. आता रिकामपणी तेच तेच मनात येतं.

"तिला नदी घावली का नाय, येवढंच पायजे," तो म्हणाला आणि उठून जिना उतरून गेला.

मी मागणीच्या वहीत सगळं लिहिलं. पुस्तकाचं नाव नाही, कर्त्याचं नाव नाही, फक्त गोष्ट. लिहिताना दीड पान भरलं.

पुढच्या सभेत मी ते वाचून दाखवलं तेव्हा वैद्यबुवा हसले. हेडमास्तर म्हणाले की मागणारा वर्गणीदार नाही आणि मागितलेल्या वस्तूला नाव नाही, तेव्हा यावर विचार करता येत नाही. नियमाने ते बरोबरच होतं. रावसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि ते सभेत बहुतेक वेळ डोळे मिटून बसत. ते झोपले आहेत असं आम्हाला वाटलं.

"जमिनीला कान लावला," ते म्हणाले. "मग?"

मी म्हणालो, पुढचं त्याला माहीत नाही.

"मग शोधायला हवं," रावसाहेब म्हणाले. शेठनी मान डोलावली. मी इतिवृत्तात लिहिलं, सदर पुस्तकाचा शोध करावा.

तो हिवाळा मी शोधात घालवला. एका सुटीच्या दिवशी ठाण्याला गेलो. तिथल्या वाचनालयात तळ्याकडे तोंड करून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी हाताने लिहिलेली यादी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माझ्याबरोबर बोट फिरवत पाहिली, आणि मग मान हलवून म्हणाले, असं पुस्तक असायला मात्र हवं होतं. परत येताना गाडी दिवा गावापाशी बराच वेळ थांबली. तेव्हा तिथे भातखाचरांखेरीज काही नव्हतं. कापणी झालेल्या शेतांत पाणी आटून गेलं होतं आणि लांब मिठागरांचे ढीग उन्हात धुरकट दिसत होते. मला वाटलं, ती मुलगी या बांधावरून आत्ताच गेली असेल.

मी त्या गोष्टीत फारच गुंतलो होतो, हे कबूल करतो. एकदा पायी पायी शहाडपर्यंत गेलो. उल्हास नदी तिथे संथ आणि रुंद होती, काठावर कोणी नव्हतं. मी पागोटं काढून ठेवलं आणि जमिनीला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग खोल कुठूनतरी घरघर ऐकू आली आणि वाढत गेली. थोड्या वेळाने पुलावरून मालगाडी गेली.

मुंबईच्या पुस्तकविक्यालाही मी गोष्ट लिहून कळवली. त्याच्या ओळखीचं असं पुस्तक नव्हतं, पण त्याने एक गठ्ठा गोष्टींच्या पुस्तकांचा पाठवून दिला. यांत असेल तर बघा. आता ते ओळखणार कोण? ऐकलेलं एकट्या तांडेलाने. म्हणून रविवारी दुपारी दुर्गाडी किल्ल्याच्या खालच्या अंगाला, जिथे मचवे दुरुस्तीला ओढून ठेवत, तिथे मी पुस्तकं घेऊन गेलो. तांडेल जाळं विणत बसला होता. त्याची सून थोड्या अंतरावर सुके बोंबील निवडत होती.

मी वाचायला लागलो. चार पानं झाली तसं त्याने हात थांबवला.

"मधी काय तरी ऱ्हायलं."

मी त्याला घड्या दाखवल्या आणि करार समजावून सांगितला. तो ऐकत राहिला. मग त्याने जाळ्याचा दोरा कापायची सुरी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि पहिली घडी कापली. मग दुसरी. कागदाचा तो चरचर आवाज मला आजही हवासा वाटतो. सगळं पुस्तक मोकळं करून मी पहिल्यापासून वाचलं. आमच्या वाचनालयासाठी आलेलं गोष्टीचं पुस्तक कोणी पूर्ण वाचल्याची ती पहिलीच वेळ.

ते पुस्तक तांडेलाचं नव्हतं. पण कापलेलं परत पाठवता येईना. सभेत हेडमास्तर माझ्यावर फार नाराज झाले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं की चिटणीसच करार मोडू लागला तर सभा कशाला भरवायची. रावसाहेबांनी विचारलं, तांडेल काय म्हणाला? मी सांगितलं. त्यातला राजपुत्र समुद्र पोहून जातो, त्यावर तांडेल म्हणाला होता की या लिहिणाराला पाण्याची वळख नाही.

रावसाहेबांना हसू आलं. "कापलं ते आपलं झालं. वहीत चढवा. आणि उरलेलीही कापून त्याला वाचून दाखवा."

असे रविवार जात राहिले. ऐकणारी माणसं वाढत गेली. बाजार आटोपून आलेल्या कोळणी पाट्या पालथ्या घालून बसायच्या. मचव्याच्या फटी बुजवणारे हातातलं काम हळू करायचे. प्रत्येक पुस्तकाला तांडेल शेवटी म्हणायचा, "ह्ये नाय." पण ते म्हणायच्या आधी जे काही बोलायचा ते मी मनात धरून ठेवायचो. एका कादंबरीतली बाई प्रकरणामागून प्रकरण रडत होती. तो म्हणाला, ही रडते, पण हिला भूक कशी लागत नाय? एक महालांच्या वर्णनाची कादंबरी मी आधी घड्यांमधून अर्धी वाचली होती आणि ती मला फार सुंदर वाटली होती. तिथे वाचली तर अर्धी माणसं झोपी गेली. तेव्हा मला कळलं की सुंदर होतं ते मी रस्त्यात स्वतःच जुळवलं होतं.

आणि एका पुस्तकात एका विधवेला तिचे भाऊ माहेरहून परत पाठवतात असा प्रसंग होता. तो वाचून झाला तशी तांडेलाच्या सुनेने बोंबील खाली ठेवले आणि ती एवढंच म्हणाली, तो भाग पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचला.

हे सगळं मी सभेत सांगायचो. वैद्यबुवा आता हसत नव्हते. पुस्तकाचा विषय निघाला की तेच आधी विचारायचे, खाडीवर वाचलं का? विधवेचं ते पुस्तक कपाटात ठेवायला हेडमास्तर एकटे विरुद्ध राहिले. तिसऱ्या प्रश्नावर ते अडले होते. रावसाहेब म्हणाले, सुनेच्या हाती पडलं तर काय होतं ते आता आपल्याला माहीत आहे, ती म्हणते पुन्हा वाचा. हेडमास्तरांनी मत बदललं नाही. पुस्तक कपाटात गेलं.

दरम्यान मी हर्णैच्या शाळेला एक पत्र टाकलं होतं. उत्तराची आशा सोडून दिली होती, आणि फाल्गुनात ते आलं. तिथल्या मास्तरांनी सविस्तर लिहिलं होतं. ते पंतोजी वारून पुष्कळ वर्षं झाली. गावातल्या म्हाताऱ्यांना ते चांगले आठवतात. लाल पुठ्ठ्याचं पुस्तक त्यांच्या काखेत नेहमी असे आणि ते अजून शाळेच्या पेटीत आहे. मास्तरांनी मुद्दाम काढून पाहिलं. ते उजळणीचं पुस्तक आहे, पाढे आणि कोष्टकं. पंतोजींना सवय होती, पुस्तक उघडं धरून वाचल्यासारखं करत गोष्ट सांगायची. मुलं घाबरली किंवा भांडायला लागली की ते तसं करत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा कोणाला ऐकायला मिळाली नाही. कुंभाराच्या मुलीची गोष्ट इथे कोणी ऐकलेली नाही.

ते पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. शेवटी रावसाहेबांकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याला सांगायला मीही येतो.

रविवारी ते छकड्यातून खाडीवर आले. मी हात धरून त्यांना खाली नेलं आणि एका पालथ्या होडीवर बसवलं. कोळणी उठून उभ्या राहिल्या, त्यांना रावसाहेबांनी बसायला सांगितलं. पाणी चढायला लागलं होतं. रावसाहेबांनी तांडेलाला विनंती केली की ती गोष्ट एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुमच्या, असं ते म्हणाले. कचेरीत आणि बाजारात त्याला तसं कोणी म्हणत नसे. माझ्या ते लक्षात आलं, त्याच्याही आलं असावं.

तांडेलाने गोष्ट सांगितली. माझ्या दीड पानात न मावलेलं त्यात कितीतरी होतं. मडक्याला गळ्यात अडकवायची दोरी कशी वळली, कुठल्या गावात तिला कोणी ताक दिलं, हळू बोलणाऱ्या शहरात कुत्रीसुद्धा कशी भुंकत नव्हती. जमिनीला कान लावला तिथे तो थांबला. मग मी पत्र वाचलं.

पाणी मचव्यांच्या बुडाला लागून चुळचुळत होतं. तांडेलाने जाळं मांडीवरून बाजूला काढलं.

"म्हंजे बुकात पुढं काय लिवलेलंच नाय?"

मी नाही म्हणालो.

"मना वाटायचं, ती मेली आसंल. आन् सगल्यांना ते ठाव हाय, मना येकट्यालाच नाय." मग तो म्हणाला, "बरं झालं."

चाळीस वर्षांचं एवढंच उत्तर. मला वाटलं होतं तो खचेल. तसं काही झालं नाही. सुनेने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तो सगळा प्यायला.

रावसाहेबांनी तेव्हा विचारलं, तुम्ही सांगता तसं आम्ही लिहून घेतलं तर चालेल का? तांडेल म्हणाला, त्यात शेवट नाय. रावसाहेब म्हणाले, नसू दे.

पुढचे चार-पाच रविवार मी वाचायच्या ऐवजी लिहायला बसलो. लिहून झाल्यावर सभेपुढे प्रश्न आला की हे वाचनालयात ठेवायचं का. छापलेलं नाही, विकत घेतलेलं नाही, आणि कर्ता कोण ते सांगता येत नाही. हेडमास्तर म्हणाले की भाषा तपासल्याशिवाय काहीच बोलता येणार नाही, आणि कागद घरी घेऊन गेले. ते कागद आता परत येत नाहीत, असं मी मनात म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी ते आणून दिले. ऱ्हस्व-दीर्घ सगळं तांबड्या शाईने दुरुस्त केलेलं, पण तांडेलाचा एकही शब्द बदललेला नव्हता. एका पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'येथे पुन्हा विचारावे. त्या शहरास वेस होती काय?' मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले की वेस असेल तर ती संध्याकाळी बंद होते, आणि मग ती मुलगी आत कशी आली ते स्पष्ट व्हायला हवं. पुढच्या रविवारी ते स्वतःच हे विचारायला खाडीवर आले. वेस होती, पण तिला दार नव्हतं, असं तांडेलाने त्यांना सांगितलं. हेडमास्तरांनी ते लिहून घेतलं.

कागद बांधून घेतले आणि वहीत चढवले. कर्त्याच्या रकान्यावर बराच खल झाला. पंतोजींचं नाव घालावं तर त्यांनी ते लिहिलं नव्हतं, तांडेलाचं घालावं तर तो नको म्हणाला. शेवटी मी तिथे लिहिलं, ऐकीव.

तांडेल पुढच्या हिवाळ्यात गेला. चारच दिवस ताप आला होता. त्यानंतरच्या वर्षी माझी ठाण्याला बदली झाली आणि मी चिटणीसपणाची कागदपत्रं हेडमास्तरांच्या स्वाधीन केली. ती घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून नव्हे. त्यांनी मागून घेतली.

ठाण्यात मला त्यांचं एक पत्र आलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार. रविवारचं वाचन चालू आहे, स्वतः वाचतो, आवाज पूर्वीसारखा पोचत नाही. रावसाहेब डोळे गेल्यापासून मुद्दाम ऐकायला येतात. आणि तांडेलाच्या सुनेचा नवरा आगबोटीवर कामाला लागला आहे, म्हणून तिने विचारलं आहे की आगबोट आतून कशी असते, कोळसा कुठे ठेवतात आणि माणसं कुठे निजतात, याचं एखादं पुस्तक मिळेल का. चित्रं असलेलं मिळालं तर फार बरं. तिने विचारलं आहे एवढं पुरे, यासाठी सभा बोलावलेली नाही, असंही त्यांनी खाली लिहिलं होतं.

मी त्या शनिवारी मुंबईला गेलो. तीन दुकानं हिंडल्यावर तसं एक पुस्तक मिळालं. मजकूर थोडा होता, चित्रं पुष्कळ होती. सोमवारी मी ते कल्याणला पाठवून दिलं.